टाक्यातलं पाणी

खुब्याचा सांधा बदलून घरी आलेल्या माणसाच्या बाबतीत दहाव्या-पंधराव्या दिवशी घरात एक वाक्य बोललं जातं आणि या सगळ्या विषयात तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : "टाक्यातून पाणी येऊन राह्यलं." बोलणारी बहुधा सून असते किंवा मुलगी. पट्टी बदलताना तिला कापसावर पिवळसर ओल दिसते. ताप नसतो. दुखत असतं, पण एवढं मोठं ऑपरेशन झालंय म्हणजे दुखणारच, असं सगळे धरून चालतात. ऑपरेशन झालेलं असतं दूर. बुलढाणा जिल्ह्यातली घाटाखालची माणसं बहुतेक अकोल्याकडे जातात, घाटावरची छत्रपती संभाजीनगरकडे, काही नागपूर-पुण्यापर्यंत. परत दाखवायला जायचं तर गाडी ठरवावी लागते, पेशंटचा पाय जपत बसवावा लागतो, एका माणसाची मजुरी बुडते. म्हणून जवळच्या डॉक्टरांना दाखवलं जातं. ते पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून देतात. पाणी थांबतं, टाका सुकतो, घराला हायसं वाटतं.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते त्या पाच दिवसांबद्दल. गोळी देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, घेणाऱ्याचाही. पण नवीन सांध्याजवळ जंतू पोचले असतील, तर त्या गोळ्यांनी ते मरत नाहीत, फक्त गप्प बसतात. तेवढ्यात दोन गोष्टी हातच्या जातात : बसवलेला सांधा वाचवण्याची मुदत आणि जंतू नेमका कोणता हे ओळखण्याची संधी. पुढचे सगळे उपचार या दोन गोष्टींवर उभे असतात.

सांधा बदलायची वेळ मुळात कोणावर येते, ते आधी पाहू. युरोप-अमेरिकेत हा पेशंट साधारण साठी-सत्तरीचा असतो आणि त्याचा सांधा वयाने झिजलेला असतो. आपल्याकडे तिशी-चाळिशीतली माणसं मोठ्या संख्येने या टेबलावर येतात. त्यांना झालेला असतो ऍव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, ज्याला पेशंटही आता सर्रास 'एव्हीएन' म्हणतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतून मरतं आणि वजनाखाली खचतं. दारू, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, खुब्याला पूर्वी लागलेला मार ही त्याची ठळक कारणं. विदर्भात त्यात सिकलसेलची भर पडते. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि ऐन पंचविशीत खुबा निकामी होतो. कोविडनंतर यात आणखी एक गट आला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या तरुण पेशंटांच्या खुब्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती.

दुसरा मोठा गट म्हाताऱ्या बायांचा. अंगणात, न्हाणीत पाय घसरतो आणि मांडीच्या हाडाची मान मोडते. त्यांना पुष्कळदा अर्धा सांधा बसवतात, म्हणजे फक्त गोळा बदलतात, वाटी स्वतःचीच राहते. इन्फेक्शनचे नियम पूर्ण सांध्याला आणि अर्ध्या सांध्याला सारखेच.

पेशंटच्या वयाचा मुद्दा मी मुद्दाम आणला. सत्तरीत सांधा बसवलेल्या माणसाला तो पंधरा-वीस वर्षं पुरवायचा असतो. पस्तिशीतल्या शेतकऱ्याला तोच सांधा घेऊन चाळीस वर्षं काढायची असतात आणि जंतू शिरण्याचा धोका त्यातल्या एकाही वर्षी शून्यावर येत नाही.

चांगल्या रुग्णालयात पहिल्यांदाच सांधा बदललेल्या शंभर माणसांपैकी साधारण एक-दोघांना आतलं इन्फेक्शन होतं. पूर्वी हे प्रमाण किती होतं ते पाहिलं की या आकड्यामागची मेहनत कळते. आजच्या पद्धतीचा खुबा ज्यांनी रूढ केला ते सर जॉन चार्नली इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात काम करत. धातूचा लहान गोळा, घट्ट पॉलिथिलीनची वाटी आणि हाडाला धरून ठेवणारं सिमेंट ही त्यांची रचना १९६२ मध्ये आकाराला आली. पण सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या पेशंटांतल्या सुमारे ७ टक्के लोकांना इन्फेक्शन होत होतं. चार्नली यांनी हवेवर संशय घेतला. त्यांनी ऑपरेशनची जागा वेगळ्या बंदिस्त खोलीत आणली, तिथे गाळलेली हवा सोडली, सर्जनच्या अंगावरून झडणारे कण बाहेर खेचून घेणारे पोशाख तयार केले. १९७२ मध्ये त्यांनी हजारो ऑपरेशनांचा हिशेब मांडला, तेव्हा ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं होतं. शोध लावून न थांबता त्याची किंमत मोजणाऱ्या एक-एक पेशंटचा हिशेब ठेवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता जंतूकडे वळू. निरोगी माणसाच्या त्वचेखाली थोडेसे जंतू गेले तर शरीर ते सहज निपटतं. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. नुसत्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले तर पू व्हायला लक्षावधी जंतू लागायचे. तेच जंतू रेशमी टाक्याबरोबर आत गेले तर जवळजवळ दहा हजारपटीने कमी जंतू पुरायचे. एक टाका एवढा फरक करतो, तर वीतभर लांबीचा धातू किती करत असेल! धातूला रक्तवाहिनी नसते. पांढऱ्या पेशी त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, पोचल्या तरी तिथे त्यांचा जोर चालत नाही.

जंतू मात्र तिथे चिकटतात. आपल्याभोवती चिकट पदार्थ स्रवतात, एकमेकांवर थर रचतात आणि त्या थराखाली जवळजवळ झोपल्यासारखे राहतात. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. गुरांच्या हौदाला आतून धरलेला बुळबुळीत हिरवा थर आठवावा : पाणी कितीही वेळा बदललं तरी तो जात नाही, खराट्याने खरवडावाच लागतो. बायोफिल्ममधले जंतू मारायला अँटिबायोटिकची मात्रा मोकळ्या जंतूंच्या मानाने शंभर ते हजारपट लागू शकते. एवढं औषध माणसाला देता येत नाही. हा थर पहिल्या काही दिवसांत कच्चा असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पक्का होतो. सांधा वाचवण्याची जी मुदत मी वर म्हटली, ती हीच.

जंतू आत शिरण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात आणि त्यावरून लक्षणंही बदलतात. ऑपरेशनच्या वेळी किंवा ओल्या टाक्यातून शिरलेले जोरदार जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस, पहिल्या महिन्याभरात उठतात. टाका लाल होतो, गरम लागतो, पाणी येतं, कधी थंडी वाजून ताप येतो. त्वचेवर नेहमीच वसणारे मवाळ जंतू मात्र महिनोन्‌महिने काही बोलत नाहीत. माणूस चालतो, कामाला लागतो, पण खुबा कधी पूर्ण बरा वाटतच नाही. रात्री पडल्यापडल्या ठणकतो. वर्षा-दीड वर्षाने एक्स-रे काढला तर सांधा हाडातून सैल झालेला दिसतो. ऑपरेशननंतर एकही दिवस न दुखता गेला नाही, असं पेशंट सांगतो तेव्हा ते फार गांभीर्याने ऐकायला हवं.

तिसरा प्रकार सांधा बसवून पाच-दहा वर्षं उत्तम चालल्यावर येतो. शरीरात दुसरीकडे कुठे तरी पू झालेला असतो आणि तिथून जंतू रक्तातून खुब्यात जातात. आपल्या भागात ही दुसरी जागा बहुतेकदा पाय असते. काळ्या मातीत अनवाणी काम, टाचांच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, काट्याची जखम आणि त्यात मधुमेह. किडका दात, गळू, लघवीचं इन्फेक्शन ही बाकीची दारं. खुबा बदललेल्या माणसाने पायाच्या भेगेकडे दुर्लक्ष करू नये, असं डिस्चार्जच्या वेळी ठळकपणे सांगितलं जात नाही आणि याचं मला वाईट वाटतं. कुठेही पू झाला की लगेच उपचार घ्यावा. चांगला चालणारा खुबा अचानक एका दिवसात दुखायला लागला आणि अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं.

पुन्हा टाक्याकडे येतो. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस पट्टी थोडी भिजणं नेहमीचं असतं. पाच-सात दिवसांनंतरही पाणी येत राहिलं किंवा सुकलेला टाका पुन्हा ओला झाला, तर ते 'टाका पिकला' म्हणून सोडून देऊ नये. वरून पाहून पाणी कातडीखालचं आहे की सांध्यापासून आलेलं आहे, हे भल्याभल्या सर्जनला ओळखता येत नाही. म्हणून फोन करावा तो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना. मोबाईलवर जखमेचा फोटो पाठवावा आणि त्यांनी बोलावलं तर जावं. गावातल्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी या वेळी करण्याजोगी मोठी मदत म्हणजे कोरडी स्वच्छ पट्टी बांधून त्या पेशंटला लवकर मागे पाठवणं. जखमेच्या तोंडावरचा पू काडीने घेऊन लॅबला पाठवण्यात अर्थ नसतो, कारण त्यात कातडीवरचे जंतू उगवतात आणि आतल्याचा पत्ता लागत नाही. सांध्यात सुई घालण्याचा प्रयत्न तर दवाखान्यात कोणी करूच नये.

याला एक अपवाद आहे आणि तो पक्का ध्यानात ठेवावा. पेशंट बरळू लागला, धाप लागली, ब्लडप्रेशर उतरलं, तर नमुन्यासाठी थांबायचं नाही. तिथे जीव आधी. शक्य असेल तर रक्ताचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्यासाठी, काढून घ्यावा आणि शिरेतून अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करावं.

बाकी सगळ्यांसाठी नमुना आधी, औषध नंतर. रुग्णालयात प्रथम रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा घटक, पाहतात. ऑपरेशननंतर तो सगळ्यांचाच वाढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतो. उतरलेला पुन्हा चढला तर संशय बळावतो. सूज दाखवणारा दुसरा आकडा, ईएसआर, कितीतरी महिने वर राहू शकतो, म्हणून सुरुवातीला त्याचा उपयोग कमी. मग ऑपरेशन थिएटरच्या स्वच्छतेत, एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर पाहत, सांध्यातलं पाणी सुईने काढतात. जुन्या सांध्यात दर मायक्रोलिटरला तीन हजारांहून जास्त पांढऱ्या पेशी सापडल्या तर इन्फेक्शनची शक्यता फार मोठी. हे पाणी काढण्याआधी, पेशंटची प्रकृती स्थिर असेल तर, निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावं लागतं. गावात घेतलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांचा हिशेब इथे द्यावा लागतो. कल्चरवर काहीच उगवत नाही. आत पू दिसतो आणि कागदावर 'जंतू आढळले नाहीत' असं येतं. मग सर्जनला अंदाजाने दोन-तीन भारी औषधं द्यावी लागतात, त्यांचा खर्च आणि त्रास दोन्ही जास्त.

जखम उघडल्यावरही नमुना एकच घेऊन भागत नाही. सांध्याभोवतीच्या पाच-सहा वेगळ्या जागांवरून, दर वेळी स्वच्छ हत्याराने, तुकडे काढून वेगळ्या डब्यांत पाठवतात. दोन-तीन तुकड्यांत तोच जंतू उगवला तर तो खरा गुन्हेगार. एकातच उगवला तर तो वाटेत मिसळलेला असू शकतो. कल्चर चौदा दिवस ठेवायला सांगावं लागतं, कारण मवाळ जंतू सावकाश उगवतात आणि नेहमीच्या दोन-तीन दिवसांत ते दिसत नाहीत. आपल्या देशात यातला एक तुकडा टीबीसाठी पाठवणंही आवश्यक आहे. कण्यानंतर हाडांच्या टीबीची सर्वांत आवडती जागा खुबाच. लहानपणी टीबीने खराब झालेला खुबा पुढे बदलला तर दबून राहिलेला टीबी पुन्हा डोकं काढू शकतो. त्याचा उपचार वेगळा, बराच लांब, आणि त्यात कित्येकदा सांधा काढावाही लागत नाही.

सगळंच दुखणं जंतूंचं नसतं, हेही इथेच सांगतो. धातूवर धातू घासणारे काही खुबे मधल्या काळात जगभर बसवले गेले. डीप्यू कंपनीचा 'एएसआर' त्यातला सर्वांत गाजलेला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो परत मागवला, तोवर जगात सुमारे त्र्याण्णव हजार लोकांना तो बसला होता आणि त्यात महाराष्ट्रातले पेशंटही होते. अशा सांध्याभोवती धातूच्या कणांमुळे साठलेला द्रव हुबेहूब पुवासारखा दिसू शकतो. पाण्याची तपासणी न करता इन्फेक्शनचा शिक्का मारला तर अशा माणसावर चुकीचे उपचार होतात.

इन्फेक्शन ठरलं आणि ते लवकर सापडलं, म्हणजे ऑपरेशन होऊन किंवा त्रास सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या आत, तर सांधा ठेवता येतो. जखम पूर्ण उघडतात, पू आणि मेलेलं मांस काढतात, अनेक लिटर सलाईनने धुतात आणि जे भाग सुटे होतात ते, म्हणजे आतली प्लास्टिकची वाटी आणि वरचा गोळा, नवे घालतात. हाडात घट्ट बसलेला धातू जागेवर राहतो. त्यानंतर अँटिबायोटिक. हे ऑपरेशन अर्धंमुर्धं करून चालत नाही. वरचे दोन टाके काढून आत बीटाडीन सोडणं म्हणजे हे ऑपरेशन नव्हे.

जंतू स्टॅफिलोकॉकस असेल तर इथे एका औषधाला मोठं स्थान आहे : रिफाम्पिसिन. ते बायोफिल्मच्या आतपर्यंत पोचतं. स्वित्झर्लंडमध्ये झिमर्ली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला रिफाम्पिसिनची जोड मिळालेल्या आणि उपचार पूर्ण केलेल्या बाराही पेशंटांचं इन्फेक्शन गेलं. जोड न मिळालेल्या बारांपैकी सात जणांचंच गेलं. प्रयोग लहान होता, पण उपचाराची दिशा त्याने बदलली. रिफाम्पिसिन एकटं कधीच द्यायचं नसतं, काही दिवसांत जंतू त्याला दाद देईनासे होतात. जखम सुकल्यावर, जंतूंची संख्या कमी झाल्यावर, दुसऱ्या लागू पडणाऱ्या औषधाबरोबरच ते द्यायचं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांना आपल्याकडचे जंतू पुष्कळदा जुमानत नाहीत, म्हणून जोडीदार कोणता हे कल्चरच सांगतं. पुन्हा नमुन्याचंच महत्त्व.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या गोळीची वेगळीच अडचण होते. रिफाम्पिसिन ही टीबीची गोळी म्हणून घरोघर माहीत आहे. लघवी नारिंगी-लाल होते. शेजारपाजारी कुजबुज सुरू होते की अमक्याला टीबी झाला. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर घर धास्तावतं. काही जण भीतीने, काही जण संकोचाने गोळी बंद करतात आणि बिघाड इथून सुरू होतो. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांनी पेशंटला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसालाही बसवून सांगावं : गोळी तीच, आजार तो नाही, लघवीचा रंग औषधाचा आहे, घाबरायचं कारण नाही. दोन मिनिटं लागतात. याच गोळीमुळे रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी होतो, यकृतावरही लक्ष ठेवावं लागतं. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवावीत.

औषध किती दिवस आणि कसं द्यायचं यावर मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यातले दोन आपल्या माणसांच्या फार कामाचे आहेत. 'ओव्हिवा' हा ब्रिटनमधला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनचे १०५४ पेशंट. अर्ध्यांना पहिले सहा आठवडे शिरेतून औषध, अर्ध्यांना तोंडाने. वर्षाअखेर उपचार फसल्याचं प्रमाण शिरेतून घेणाऱ्यांत १४.६ टक्के, गोळ्या घेणाऱ्यांत १३.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. सहा आठवडे सलाईनसाठी संभाजीनगरात खोली घेऊन राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही केवढी दिलासा देणारी बातमी! अट एवढीच की गोळी कल्चर पाहून निवडलेली हवी आणि एकही दिवस चुकायला नको. दुसरा अभ्यास फ्रान्समधला, 'डॅटिपो', २०२१ चा. सांध्याच्या इन्फेक्शनला सहा आठवडे औषध पुरे की बारा? सहा आठवड्यांच्या गटात १८.१ टक्के लोकांचं इन्फेक्शन टिकून राहिलं, बारा आठवड्यांच्या गटात ९.४ टक्के. जखम कोरडी झाली, दुखायचं थांबलं, आता गोळ्या कशाला, असं दीड महिन्याने वाटायला लागतं. त्यापुढचाही दीड महिना पाळायचा आहे.

बायोफिल्म पक्की झाली असेल, सांधा सैल झाला असेल, कातडीला भोक पडून तिथून सतत पू झिरपत असेल, तर सांधा काढावाच लागतो. हे पेशंटला सांगणं अवघड असतं आणि ऐकणं त्याहून. काढल्यावर दोन वाटा आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गच्या हान्स बुखहोल्त्स यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची कल्पना आणली, १९७० मध्ये ती प्रसिद्ध केली आणि एकाच ऑपरेशनमध्ये जुना सांधा काढून, सगळं खरवडून, नवा सांधा बसवण्याचा मार्ग दाखवला. जगातल्या बहुतेक सर्जनांनी मात्र दोन टप्प्यांची वाट धरली. पहिल्या ऑपरेशनमध्ये सांधा आणि जुनं सिमेंट काढायचं, पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवायचा, औषधं द्यायची, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सगळं शांत झाल्यावर कायमचा सांधा. त्या तात्पुरत्या सांध्याला 'स्पेसर' म्हणतात आणि पेशंट त्याला 'सिमेंटचा बॉल' म्हणतात.

ब्रिटनमधल्या 'इन्फॉर्म' अभ्यासाने या दोन वाटा १४० खुब्याच्या पेशंटांवर प्रत्यक्ष ताडून पाहिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल असा, की दीड वर्षानंतर दुखणं आणि हालचाल दोन्ही गटांत सारखीच, पण एका ऑपरेशनवाले लवकर सावरतात आणि खर्चही कमी. जंतू आधीच ओळखलेला असेल, त्याला लागू पडणारं औषध असेल, कातडी आणि हाड चांगलं असेल, तर माझं मत एका ऑपरेशनच्या बाजूने झुकतं. दोन टप्प्यांमधल्या काळात कुबडीवर असलेला कमावता माणूस, थकलेलं पीककर्ज, दुसऱ्या ऑपरेशनला लागणारे पैसे जमेपर्यंत वर्षभर आत राहिलेला स्पेसर, हे सगळं अभ्यासाच्या तक्त्यात येत नाही. पण आधीच ओळखलेला जंतू हीच पहिली अट आहे आणि ती पाळायची तर पुन्हा त्या पहिल्या पाच दिवसांकडे यावं लागतं.

यात मूत्रपिंडाचा विचार आपल्या जिल्ह्यात विशेष करावा लागतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा पट्टा, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांत पसरलेला आहे. तिथल्या गावांतून मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन ही या इन्फेक्शनमधली नेहमीची औषधं नेमकी मूत्रपिंडावर ताण देतात. सिमेंटमध्ये मिसळलेलं औषधही क्वचित रक्तात पुरेसं उतरून त्रास देऊ शकतं. त्या पट्ट्यातल्या पेशंटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ऑपरेशनआधी आणि औषध चालू असताना वरचेवर तपासायलाच हवं. लघवी कमी झाली, पाय-तोंड सुजलं, तर लगेच कळवावं. दुखतं म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी या काळात घेऊ नये, ती मूत्रपिंडाचा उरलासुरला आधारही काढून घेते.

काही माणसांना नवा सांधा पुन्हा बसवता येत नाही. हाड फार गेलेलं असतं, जंतू औषधांना दाद देत नाहीत, हृदय दुसरं मोठं ऑपरेशन सोसणार नाही किंवा पैसा संपलेला असतो. त्यांच्यासाठी ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांचं जुनं ऑपरेशन आहे. अँटिबायोटिक हाताशी नसलेल्या काळात खुब्यातला पू वाहून जावा म्हणून त्यांनी सांध्याचं टोकच काढून टाकलं. १९४३ मध्ये त्यावर त्यांनी लेख लिहिला. सांधा काढून जागा मोकळी सोडतात, तिथे हळूहळू घट्ट तंतुमय ऊती भरते. पाय काही सेंटिमीटर आखूड होतो, चालताना माणूस एका बाजूला झुकतो, काठी कायमची लागते. तरी पू थांबतो, ठणका थांबतो. धातूचा सांधा बसवलेल्याला मांडी घालून किंवा उकिडवं बसायला बहुतेकदा मनाई असते. गर्डलस्टोन झालेली माणसं पुष्कळदा जमिनीवर बसू शकतात, जुन्या पद्धतीच्या संडासात जाऊ शकतात. पुस्तकांत याला हार मानल्यासारखं लिहितात. रोज पू पुसण्यातून आणि महिन्याला औषधाच्या बिलातून सुटलेल्या माणसाला तसं वाटत नाही. चपलेला उंची लावून, काठी घेऊन हिंडणारा, घरातली लहानसहान कामं करणारा म्हातारा माझ्या लेखी बरा झालेला पेशंट आहे. तरुण माणसावर मात्र ही पाळी येऊ नये यासाठीच बाकीचा सगळा खटाटोप.

टाळण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण बहुतेक गोष्टी रुग्णालयाच्या हातात असतात : कातडी कापण्याआधीच्या तासाभरात दिलेलं अँटिबायोटिक, थिएटरची शिस्त. पेशंटच्या हातात जे आहे ते ऑपरेशनच्या आधीचं आहे. साखर ताब्यात आणणं, बिडी आणि तंबाखू बंद करणं, किडलेला दात आधी काढून घेणं, पायाच्या भेगा आणि खरूज बरी करणं, पंडुरोग असेल तर रक्त वाढवणं. यासाठी ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं तर कुरकुर करू नये, ढकलणारा डॉक्टर तुमच्याच बाजूचा आहे. सिकलसेल असेल तर तो न सांगता राहू नये, त्या पेशंटांत इन्फेक्शनचा धोका वाढलेला असतो आणि भुलीचीही वेगळी तयारी लागते.

पैशाचा प्रश्न सगळ्यांत टोचणारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. पहिलं ऑपरेशन त्यात बसलं म्हणजे इन्फेक्शनचं दुसरं आणि तिसरंही आपोआप बसेल असं धरू नये. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, पहिल्याच दिवशी विचारावं की पुन्हा जखम उघडावी लागली तर काय, सांधा काढावा लागला तर काय. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. तिथली सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा पुरत्या ताकदीने चालू लागली आणि चौदा दिवसांचं कल्चर जिल्ह्यातच होऊ लागलं, तर या आजारात नव्या यंत्रांनी सजलेल्या थिएटरपेक्षाही तिचा उपयोग अधिक होईल, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक पिशवी घरात असू द्यावी. कापडी असली तरी चालेल, पण पावसाळ्यात भिजणार नाही अशा जागी. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर. सांधा काढायची वेळ आली तर तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, हे त्या स्टिकरवरून कळतं आणि तो काढण्याची योग्य हत्यारं आधी मागवता येतात. तिच्यातच आधीचे एक्स-रे, सीआरपीचे जुने आकडे, कल्चरचा मूळ कागद. आणि एका साध्या वहीच्या पानावर, घरात लिहिता येणाऱ्या कोणीही, कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू केली आणि कधी संपली, एवढं लिहून ठेवावं. रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटंही त्या पानाला टाचावीत.